पहाटे चारची पाळी

(वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



निमंत्रणपत्रिकेत माझ्या भाषणाचा विषय 'आफ्रिकेतील अनुभव' असा छापला आहे. त्या खंडात पन्नासाहून अधिक देश आहेत आणि मी त्यांतल्या एका देशातल्या एका लहान गावात राहते. तेव्हा आफ्रिकेबद्दल बोलायचा अधिकार मला नाही. मी बोलणार आहे ते घानाच्या किनाऱ्यावरच्या एल्मिना या मच्छीमार गावाबद्दल, आणि तिथे बसून पुण्यातल्या एका कंपनीचं काम करणाऱ्या बाईबद्दल. ती बाई मीच. समुद्राच्या आणि नारळीच्या गोष्टी ऐकायला आलेल्यांची थोडी निराशा होईल. नारळी आहेत, पण मला मजुरीबद्दल बोलायचंय.

२०२१ साली नवऱ्याला केप कोस्टच्या विद्यापीठात शिकवण्याचं काम मिळालं, करारावर. एल्मिना तिथून बारा-तेरा किलोमीटर पश्चिमेला. परवडणारं घर तिथे मिळालं म्हणून तिथे राहिलो. मी पुण्यात विम्याच्या दाव्यांची कागदपत्रं तपासायचं काम करत होते. कोविडमुळे सगळ्यांचंच काम घरून चालू होतं, त्यामुळे मी कुठल्या घरातून काम करते याचा कंपनीला फरक पडत नव्हता. "जा की लॅपटॉप घेऊन," असं साहेब म्हणाले. फक्त एक कागद बदलला. मी 'कर्मचारी' होते, ती 'सल्लागार' झाले. शब्द किती मानाचा! भविष्य निर्वाह निधी बंद, पगारी रजा बंद, आजारपणाची रजा बंद. महिन्याचा पगार गेला आणि फायलीमागे पैसे सुरू झाले. सोलापुरात विडी वळणाऱ्या बाईला हजारामागे मजुरी मिळते, मला फायलीमागे. तिच्या काही विड्या खराब म्हणून बाजूला काढतात आणि त्यांचे पैसे देत नाहीत. माझ्या काही फायली 'पुनर्तपासणी'त जातात आणि त्यांचेही पैसे मिळत नाहीत. कोणत्या जातील हे ती ठरवत नाही, मीही ठरवत नाही.

दुसरा कागद घाना सरकारचा. माझ्या निवासी परवान्यावर लिहिलंय, 'अवलंबित'. म्हणजे नवऱ्यावर. घराचं निम्मं भाडं मी देते, सासूबाईंच्या औषधांचे पैसे माझ्या खात्यातून जातात, पण घानाच्या दृष्टीने मी काम करत नाही, कारण माझं काम घानात नाही. पुण्याच्या दृष्टीने मी नोकर नाही, कारण मी सल्लागार आहे. दोन्ही देशांच्या दप्तरात मी घरी बसलेली बाई आहे. जनगणनेत घरच्या बाईपुढे 'काम करत नाही' लिहिलं जातं, याविरुद्ध आपण किती वर्षं बोलतोय. लॅपटॉप आला म्हणून तो रकाना बदलला असं नाही.

आता घड्याळाचं सांगते. घाना भारताच्या साडेपाच तास मागे आहे. पुण्यात साडेनऊ म्हणजे तिथे पहाटेचे चार. मी साडेतीनला उठते, चहा करते, चारला बसते आणि दुपारी एकला उठते. मग स्वयंपाक, बाजार, पाणी भरून ठेवणं. नवरा चारला परततो. तो चांगला माणूस आहे, भाजी चिरतो, भांडी घासतो. तरीही पहिल्या वर्षात एकदा म्हणालाच, "तू तर एकला मोकळी होतेस." त्याच्या आधीचे नऊ तास त्याच्या झोपेत आणि विद्यापीठात गेलेले असतात, त्यामुळे ते त्याला दिसत नाहीत. दुपारी सासूबाईंचा साताऱ्याहून फोन येतो. पहिलं वाक्य ठरलेलं: "घरीच आहेस ना?"

पहाटे चारला गावात आणखी कोण जागं असतं, तर मासळीच्या बायका. माझ्या टेबलासमोरच्या खिडकीतून त्या जाताना दिसतात, डोक्यावर ॲल्युमिनियमची मोठी घमेली, पाठीला मूल बांधलेलं. लाकडी होड्या बेन्या खाडीच्या तोंडाशी लागतात, तिथे त्या निघालेल्या असतात. मला सुरुवातीला वाटलं, आपल्या भाऊच्या धक्क्यावरच्या कोळणींसारखंच हे. पुरुष मासे पकडतात, बायका विकतात. आहे तसंच, पण त्याच्या मागे काय आहे ते कळायला मला वर्ष लागलं. होडीला समुद्रात जायला लागणारं इंधन, बर्फ, खलाशांचं खाणं, याचे पैसे पुष्कळदा बायका पुरवतात. त्या बदल्यात आलेल्या मासळीवर त्यांचा पहिला हक्क. काही बायकांच्या स्वतःच्या होड्या आहेत, त्यावर काम करणारे पुरुष त्यांना जबाबदार. आणि मासळी विकणाऱ्या बायकांची एक प्रमुख असते, तिला फान्टी भाषेत 'कोंकोहेमा' म्हणतात. पहिल्या होडीचा माल आला की ती आणि मच्छीमारांच्या बाजूचे लोक बोलून भाव लावतात. भांडणं तीच सोडवते. मंगळवारी समुद्रात जायचं नाही ही रूढी आहे, समुद्रदेवतेचा दिवस म्हणून. त्या दिवशी जाळी दुरुस्त होतात, हिशेब होतात, बैठका होतात. हा सुटीचा दिवस कुठल्याही मालकाने दिलेला नाही.

हे ऐकून कुणी म्हणेल, वा, स्त्रियांचं राज्य! तसं मुळीच नाही. होडी रिकामी आली तरी इंधनाचं कर्ज त्याच बाईच्या डोक्यावर राहतं, आणि गेल्या काही वर्षांत होड्या रिकाम्या येण्याचं प्रमाण वाढलंय. मोठी ट्रॉलर जहाजं लहान माशांसकट सगळं ओढून नेतात. बेकायदा मासेमारी रोखत नाही म्हणून युरोपीय संघाने घानाला २०१३ साली आणि पुन्हा २०२१ साली अधिकृत ताकीद दिली. सरकारने २०१९ पासून होड्यांनाही बंदीचा महिना लागू केला. २०२५ साली होड्यांना त्यातून सूट मिळाली. पण ज्या वर्षी बंदी होती त्या वर्षी त्या महिन्यात मासे धुरावणाऱ्या बायकांच्या भट्ट्या थंड होत्या, आणि भट्टी थंड असली तरी उधारी गरमच असते. धुराचं तर काय सांगू! तिथे मासळी उन्हात वाळवण्यापेक्षा धुरावून टिकवतात. १९७० च्या सुमारास अक्राजवळच्या चॉर्कर वस्तीत बायकांच्या बरोबरीने एक सुधारलेली भट्टी तयार झाली, एकावर एक जाळीच्या चौकटी रचायची. लाकूड कमी लागतं, माल जास्त निघतो. धूर मात्र अजून डोळ्यात आणि छातीत जातोच. शेजारच्या आन्टींचे डोळे कायम लाल असतात.

वारसाहक्काचंही असंच. फान्टी लोकांत परंपरेने वंश आईकडून मोजतात. मातृवंश म्हणजे बाईची सत्ता असं आपल्या अभ्यासवर्गात कुणी म्हटलं तर मी आता हात वर करते. नवरा मेला की त्याची मालमत्ता त्याच्या आईच्या घराण्याकडे, म्हणजे त्याच्या भावांकडे किंवा बहिणीच्या मुलाकडे जायची, आणि त्याची बायको-मुलं उघड्यावर. ते थांबवायला १९८५ साली मृत्युपत्राविना मागे राहिलेल्या मालमत्तेचा कायदा करावा लागला. राहतं घर आणि घरातलं सामान विधवेला आणि मुलांना, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. कायदा माहीत असणं आणि दिराला घराबाहेर काढता येणं यांत किती अंतर आहे ते तुम्हाला मी सांगायला नको.

तरीसुद्धा एक गोष्ट मला रोज टोचते. त्या बाईला तिच्या मालाचा भाव ठरवणाऱ्या माणसाचं तोंड माहीत आहे. मला माझ्या फायलीचा दर कोण ठरवतं हे चार वर्षांत कळलेलं नाही.

पैशाकडे येते, कारण परदेशात बसून पगार घेणाऱ्या माणसाचं खरं नातं गावाशी नसतं, विनिमयदराशी असतं. २०२२ च्या सुरुवातीला एका सेडीला सुमारे बारा रुपये पडायचे. नोव्हेंबरात सहाच्या आसपास. मी काहीही न करता माझी कमाई तिथल्या बाजारात दुप्पट झाली. त्याच डिसेंबरात घानातली महागाई ५४.१ टक्क्यांवर पोहोचली. पावाची लादी तीच, किंमत दर आठवड्याला नवी. बाजारात मी उभी असले की बाई मला पहिली हाक मारायची, तिच्या मागे उभी असलेली शिक्षिका टोमॅटो चारऐवजी दोन घ्यायची. मग २०२५ साली सेडी सावरला, रुपयाचं वजन कमी झालं, आमच्या घरी हिशेबाची वही पुन्हा उघडली आणि त्या शिक्षिकेच्या पिशवीत चार टोमॅटो आले. माझा तोटा झाला तेव्हा गावाचं भलं झालं, हे वाक्य बोलायला सोपं नाही.

घरभाड्यात हे सगळ्यात उघडं दिसतं. घानाच्या १९६३ च्या भाडे कायद्यानुसार सहा महिन्यांपेक्षा जास्त आगाऊ भाडं मागता येत नाही. मागतात मात्र वर्षाचं, दोन वर्षांचं, एकरकमी. परदेशी माणूस ते देऊ शकतो. गावातली परिचारिका देऊ शकत नाही, आणि ती एकटी असेल तर घरमालक विचारतो, "नवरा कुठे आहे?" आम्हाला तो प्रश्न आला नाही. दोन वर्षांचे पैसे मागितले, आम्ही कायदा दाखवून एका वर्षावर आणले. सहा महिन्यांवर कुणीच येत नाही.

कपडे धुवायला आणि फरशी पुसायला माझ्याकडे एक बाई येते, आठवड्यातून तीनदा. तिथे परदेशी लोकांच्या घरी काम करणाऱ्या बायकांचा पगार 'आपण ठरवू तो' असतो. घानाने २०२० साली घरकामगारांसाठी स्वतंत्र नियम केले, त्यात लेखी करार हवा असं म्हटलंय. आपल्याकडे २००८ साली महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला, त्यासाठी मोर्चे काढलेल्या बायका आज इथे समोर बसल्या आहेत. तेव्हा मी करार केला यात कौतुक नाही. गंमत पुढची आहे. करार करताना तिने विचारलं, "मी आजारी पडले तर?" आम्ही लिहिलं, पगार कापायचा नाही. "तू मला काढलंस तर?" लिहिलं, महिनाभर आधी सांगायचं. मग तिने माझ्याकडे बघून विचारलं, "तुझ्या कागदात काय आहे?" माझ्या कागदात सात दिवस आहेत.

रंगाबद्दल बोलले नाही तर अर्धंच सांगितल्यासारखं होईल. तिथे मुलं मला 'ओब्रोनी' म्हणतात. गोऱ्या माणसाला म्हणतात तो शब्द, परक्यालाही वापरतात. लग्नाच्या बाजारात 'सावळी' म्हणून दोनदा नाकारलेली मी, एल्मिनात गोरी ठरले! पहिले काही दिवस हसू आलं. मग लक्षात आलं की त्या हाकेबरोबर रांगेत पुढे जागा मिळते, पोलीस चौकीवर गाडी लवकर सुटते. आणि इकडे नातेवाईक फोनवर विचारतात, "तिथे भीती नाही वाटत?" मी उलट विचारते, २०१७ साली ग्रेटर नोएडात आफ्रिकी विद्यार्थ्यांना जमावाने मारलं, पुण्यात त्या मुलांना घर देताना लोक काय बोलतात, तर भीती कुणाला वाटायला हवी? घानातल्या लोकांना आपल्याबद्दल पुष्कळ माहिती आहे. अक्राच्या विद्यापीठात २०१६ साली बसवलेला गांधींचा पुतळा तिथल्या प्राध्यापकांच्या आक्षेपानंतर २०१८ च्या डिसेंबरात हलवला गेला. त्यांचा आक्षेप गांधींनी तरुणपणी दक्षिण आफ्रिकेत काळ्या लोकांबद्दल लिहिलेल्या मजकुराला होता. त्यावर मला दोन संध्याकाळी उत्तरं द्यावी लागली, आणि ते बरंच झालं.

उलट दिशेने आपल्या मालिका पोहोचल्या आहेत. 'कुंकुम भाग्य' ट्वी भाषेत बोलते आणि आन्टी ती बघतात. त्यांनी मला विचारलं, "तुमच्याकडे मुलीचा बाप पैसे देतो, हे खरं?" त्यांच्याकडे लग्नात मुलाची बाजू मुलीच्या घरी पेय आणि वस्तू घेऊन जाते. मी खरं म्हटलं. त्या बराच वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "मग मुलगी जाते ती कशाला?" याचं उत्तर आपल्यापैकी कुणाकडे असेल तर मला लिहून द्या.

एल्मिनात किल्ला आहे, पोर्तुगीजांनी १४८२ साली बांधायला घेतलेला, १६३७ साली डचांनी जिंकलेला. गुलाम म्हणून पाठवायच्या माणसांना तिथे कोंडत. आत बायकांचं वेगळं अंगण आहे आणि वर गव्हर्नरचा सज्जा. सज्जातून खाली बघून बाई निवडली जायची. मी तिथे एकदा गेले, पुन्हा गेले नाही. किल्ल्याच्या पायथ्याशीच आज मासळीबाजार भरतो.

आता १४ मार्च २०२४. त्या दिवशी आयव्हरी कोस्टच्या किनाऱ्याजवळ समुद्राच्या तळाशी असलेल्या चार इंटरनेट केबल एकदम निकामी झाल्या. घानासकट पश्चिम आफ्रिकेतल्या अनेक देशांचं इंटरनेट कोलमडलं. वीज जाणं आम्हाला नवं नव्हतं. तिथे त्याला 'दुमसोर' म्हणतात, म्हणजे बंद-चालू. त्यासाठी मी बॅटरी घेऊन ठेवली होती, स्वतःच्या पैशाने. पण समुद्राच्या तळाची केबल मी कुठून आणणार? पहिले दोन दिवस काहीच नाही, मग आठवडाभर रांगतं इंटरनेट. नवरा विद्यापीठात जाऊन खडूने शिकवत होता, त्याचा पगार चालू. माझ्या अकरा दिवसांत फाईल एकही पूर्ण झाली नाही, तर पैसे शून्य. वर पत्र आलं की 'सेवेत खंड' पडल्यामुळे माझा फायलींचा कोटा दुसरीकडे वळवला आहे. तो पूर्ववत व्हायला दोन महिने गेले. कारखान्याची वीज गेली तर कामगाराला मालक काय देणं लागतो, यावर कायदा आहे, युनियन आहे, कोर्ट आहे. आमचा कारखाना आमच्या स्वयंपाकघरात आहे, त्यामुळे त्याची वीज, जागा, खुर्ची, केबल आणि त्याचा धोका, सगळं आमचं.

त्या अकरा दिवसांत आन्टींनी मला एक वाटी पीठ आणि धुरावलेली मासळी पाठवली, आणि 'सुसू'वाल्याकडे नेलं. सुसू म्हणजे आपली भिशीच, थोडी वेगळी. एक माणूस रोज बाजारात फिरतो, प्रत्येकीकडून ठरलेली रक्कम घेतो, कार्डावर खूण करतो. महिनाअखेर सगळे पैसे परत देतो, एक दिवसाची रक्कम स्वतःची मजुरी म्हणून ठेवून. व्याज नाही, उलट आपणच देतो. माझ्यातल्या हिशेबनीसाला ते पटेना. आन्टी म्हणाल्या, "एफुआ, तो रोज येतो. बँक येते का?" (मी शुक्रवारी जन्मले म्हणून तिथे माझं नाव एफुआ आहे.) आजारी बाई बाजारात दिसली नाही तर पहिलं सुसूवाल्याला कळतं. माझी खुर्ची अकरा दिवस रिकामी होती आणि पुण्यातून एकाही माणसाने फोन करून विचारलं नाही, कारण त्या यादीत मी माणूस नाही, क्रमांक आहे.

त्यानंतर मी माझ्यासारख्यांना शोधायला लागले. आम्ही एकमेकींना पडद्यावरच्या नावांनीच ओळखत होतो. सात महिन्यांत आम्ही नऊ जणी झालो. दोघी आखातात आहेत, एक जर्मनीत, बाकीच्या इथेच, सांगली, लातूर, चिपळूण, नागपूर. म्हणजे हा प्रश्न परदेशी राहणारीचा नाहीच. चिपळूणची मैत्रीण पुरात अडकली तेव्हा तिलाही 'सेवेत खंड' लागला. लातूरच्या मुलीला वरिष्ठ रात्री अकराला 'कामाचा' व्हिडिओ कॉल करतो आणि घरातले कपडे बदलून बस म्हणतो. तक्रार कुठे करायची? २०१३ च्या कायद्यात कामाच्या जागेच्या व्याख्येत राहतं घरही येतं. पण कंपनी म्हणते ती आमची कर्मचारी नाही, आणि तिने जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं म्हटलं तर घरच्यांना कळेल ही तिची भीती. तिची कामाची जागा आणि तिच्या सासऱ्यांचा पलंग एकाच खोलीत आहेत.

घरात बसून नगावर काम करणाऱ्या बाईला कामगार म्हणा, ही मागणी काही नवी नाही. 'सेवा'सारख्या संघटनांनी ती लावून धरली आणि १९९६ साली आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेत गृहकामाबद्दलचा १७७ क्रमांकाचा ठराव मंजूर झाला. भारताने तो स्वीकारलेला नाही. घानानेही नाही. तो विडी, उदबत्ती, शिवणकाम डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेला असेल, पण त्यातली व्याख्या वाचा. मालकाच्या जागेबाहेर, मोबदल्यावर, मालकाने ठरवलेली वस्तू किंवा सेवा तयार करणारी व्यक्ती. त्यात माझी फाईल बसते. आमच्यातल्या काहींना विडीवालीशेजारी बसवलेलं आवडणार नाही, इंग्रजी येतं ना! ते भांडण आमचं आम्ही करू.

नऊ जणींनी मिळून कंपनीला पत्र लिहिलं आहे. तीन मागण्या आहेत: वीज-इंटरनेट बंद पडलं त्या दिवसांचा किमान मोबदला, बाजूला काढलेल्या फायलींचं कारण लेखी, आणि तक्रार समितीत सल्लागारांचाही समावेश. उत्तर अजून नाही. दोघींनी सही मागे घेतली, त्यांना मी दोष देत नाही, एकीचा नवरा बेकार आहे. म्हणजे आता सात.

मी पुढच्या शनिवारपर्यंत पुण्यात आहे, मग परत एल्मिनाला. तुमच्या वस्तीत, बचत गटात, नात्यात कुणी बाई संगणकावर किंवा मोबाईलवर घरून नगावर काम करत असेल, डेटा भरणं, भाषांतर, शिकवण्या, काहीही, तर जेवणाच्या सुटीत मला गाठा. नाव नको असेल तर गाव आणि दर एवढंच सांगा. वही दाराजवळच्या टेबलावर ठेवते आहे. तिथून फोन करणार असाल तर माझ्या दुपारी करा, म्हणजे तुमच्या संध्याकाळी सातनंतर. मंगळवारी केलात तर आन्टीही भेटतील, त्यांना तुम्हाला हुंड्याबद्दल विचारायचं आहे.